लाँगबोर्ड घेताना आधी फळीची उंची बघा

ऑगस्ट तोंडावर आला की मुंबईच्या विमानतळावर उत्तररात्रीच्या विमानांना शिकायला निघालेल्या मुलांची रीघ लागते. घरच्या काट्यावर चार-चारदा तोललेल्या दोन बॅगा, एकीत कुकर आणि गोडा मसाला, दुसरीत जाड जॅकेट आणि कागदपत्रांची फाइल. २०२३-२४ मध्ये अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत भारताने चीनला मागे टाकलं. ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी त्या वर्षी तिथे होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले होते. या मुलांच्या सामानाच्या याद्या महिनाभर आधी तयार असतात. पण खोलीपासून विभागापर्यंत रोज जायचं कशाने, हा प्रश्न त्या यादीत सहसा नसतो, तो तिथे पोचल्यावर उभा राहतो. आवाराला लागून असलेल्या खोल्यांची भाडी परवडत नाहीत म्हणून दीड-दोन किलोमीटरवर घर घेतलेलं असतं, गाडी घेण्याची ऐपत नसते, बस अर्ध्या तासाने येते आणि दोन तासिकांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी दहाच मिनिटं मिळतात. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने दहा मिनिटांत माणूस जेमतेम आठशे मीटर जातो. अशा वेळी बाजूने एखादी मुलगी पाठीवर सॅक टाकून, चाकांच्या फळीवर उभी राहून, फारसे कष्ट न घेता पुढे निघून जाते, आणि आपणही लाँगबोर्ड घ्यावा असं मनात येतं.

तो विचार चुकीचा नाही. रमतगमत ताशी बारा किलोमीटरने गेलं तरी लाँगबोर्ड दहा मिनिटांत दोन किलोमीटर नेतो, त्याला पेट्रोल लागत नाही की चार्जिंग लागत नाही, आणि वर्गाच्या दाराशी पोचल्यावर तो उचलून बाकाखाली सारता येतो. सायकल कुलपात ठेवूनही चोरीला जाईल ही धास्ती तिथल्या विद्यार्थ्याला कायम असते, ती इथे नाही. माझा आक्षेप आहे तो बोर्ड निवडण्याच्या पद्धतीवर. बहुतेक मुलं फळीचा आकार, तिच्या पोटावरचं चित्र आणि किंमत एवढं बघून बोर्ड घेतात. दुकानदारही तेच पुढे करतो, कारण भिंतीवर टांगलेल्या फळीचं तेवढंच दिसतं. आवारात रोज वापरायच्या बोर्डाची निवड एका प्रश्नापासून सुरू व्हायला हवी: यावरून मला किती सहज थांबता येईल? हा प्रश्न पहिला धरला की फळीची उंची, चाकांचा आकार आणि मऊपणा, चाकं धरणारा ट्रक कुठल्या जातीचा, अशा बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्याच्या मागोमाग येतात.

लाँगबोर्डला ब्रेक नसतो. पाय हेच त्याचं इंजिन आणि पाय हाच ब्रेक. आपल्याकडे गॅरेजातून आणलेली जुनी बेअरिंगं लाकडी फळीला ठोकून मुलं गाडी करायची आणि ती उतारावर सोडायची. ती गाडी टाचा घासून थांबवावी लागते हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना लाँगबोर्डाचं मर्म समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की बेअरिंगच्या गाडीवर मूल बसलेलं असतं, लाँगबोर्डवर माणूस उभा असतो. थांबायचं तर पुढच्या पायाची बोटं सरळ पुढे करून सगळं वजन त्या गुडघ्यावर घ्यायचं, मागचा पाय हळूच खाली न्यायचा, तळवा जमिनीला समांतर ठेवून आधी नुसता घासू द्यायचा आणि मग हळूहळू त्यावर भार वाढवायचा. पाय एकदम टेकवला तर जमीन तो मागे खेचते, फळी पुढे पळते आणि माणूस मधल्यामध्ये फाकतो. नवशिक्याचं पडणं बहुतेक असंच असतं. म्हणजे या वाहनाचा ब्रेक किती चांगला लागेल हे पुढच्या पायावर किती स्थिर बसकण मारता येते आणि मागचा पाय किती कमी खाली न्यावा लागतो, या दोन गोष्टींवर ठरतं. दोन्ही गोष्टी फळी जमिनीपासून किती उंच आहे याच्याशी बांधलेल्या आहेत.

इथे थोडं जवळून बघायला हवं. चाकांच्या दोन जोड्या ज्या धातूच्या आसांवर बसतात त्यांना ट्रक म्हणतात. साध्या बांधणीत फळी ट्रकच्या डोक्यावर बसवलेली असते आणि मोठ्या चाकांसह पायाचा तळवा जमिनीपासून साधारण बारा-तेरा सेंटिमीटर वर राहतो. दुसऱ्या बांधणीत फळीच्या दोन्ही टोकांना खाच कापून ट्रक तिच्यातून आरपार बसवतात, तिला ड्रॉप-थ्रू म्हणतात. त्यात तळवा नऊ-दहा सेंटिमीटरवर येतो. काही फळ्यांचा मधला भाग आणखी खोलगट वाकवलेला असतो, त्या याहूनही खाली जातात. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदी. दुकानात उभं राहून बघताना ती जाणवतही नाही. पण एका रेट्यात चार मीटर अंतर जातं असं धरलं तर दोन किलोमीटरला पाचशे रेटे लागतात, जाऊन-येऊन हजार. प्रत्येक रेट्याला पुढचा गुडघा तीन सेंटिमीटर जास्त वाकवून परत सरळ करायचा, तर दिवसाकाठी ते तीस मीटर होतं. ढोबळमानाने रोज एका पायावर दहा मजले जास्त चढण्याइतकं. दमलेल्या गुडघ्यावर ब्रेक नीट लागत नाही, आणि संध्याकाळी प्रयोगशाळेतून परतताना गुडघे दमलेलेच असतात. म्हणून आवारासाठीचा बोर्ड ड्रॉप-थ्रू किंवा त्याहून खालच्या बांधणीचा असावा, असं माझं ठाम मत आहे. फळीची लांबी, लवचीकपणा, रंग यांचा विचार त्यानंतर करावा.

दुसरी निवड चाकांची. चाकाने माणसाला मधेच अचानक थांबवू नये हेही थांबण्याच्या प्रश्नातच येतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या माहितीपत्रकात म्हटलं आहे की स्केटबोर्डवरून पडून होणाऱ्या दुखापतींपैकी निम्म्याहून अधिक दुखापतींच्या मुळाशी खडबडीत पृष्ठभाग असतो, आणि जखमी झालेल्यांपैकी एक तृतीयांश लोक आठवडाभरही न शिकलेले असतात. ही आकडेवारी सगळ्या प्रकारच्या बोर्डांची आहे आणि तीत लहान मुलं पुष्कळ आहेत, त्यामुळे ती लाँगबोर्डवरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण खडा चाकाखाली आला की जे होतं ते दोघांच्याही बाबतीत सारखंच. तिथले पदपथ काँक्रीटच्या चौकोनांचे असतात, दोन चौकोनांमध्ये फट असते, झाडांच्या मुळांनी एखादा चौकोन वर उचललेला असतो. रस्ता ओलांडायच्या उतरणीवर दृष्टिहीनांना पायाने कळावं म्हणून गोल उंचवटे असलेली, बऱ्याचदा पिवळी, फरशी बसवलेली असते. त्यातला एकेक उंचवटा सुमारे पाच मिलिमीटरचा. कसरती करण्याच्या स्केटबोर्डाचं चाक बावन्न-चोपन्न मिलिमीटर व्यासाचं आणि दगडासारखं कडक असतं. त्या फरशीवर ते थडथडतं आणि खड्यापाशी अडतं. फळी थांबते, माणूस पुढे जातो. सत्तर मिलिमीटरच्या आसपासचं मऊ चाक तोच उंचवटा पोटात घेऊन ओलांडतं. मऊपणा मोजण्याच्या शोअर ए मापावर अठ्ठ्याहत्तर ते ऐंशी हा आकडा आवारासाठी योग्य. कडक स्केटबोर्डी चाकांचा आकडा नव्याण्णवच्या घरात असतो.

चाकं या वाहनाचा जीव आहेत हे त्याच्या इतिहासातही दिसतं. पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लाटा नसलेल्या दिवशी रस्त्यावर सर्फिंग करता यावं म्हणून लोकांनी फळीला रोलर स्केटची चाकं लावली. ती धातूची, नंतर भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची. ती रस्ता धरत नसत, बारीकशा खड्यालाही अडत. पडण्याचं प्रमाण इतकं वाढलं की १९६५ च्या सुमारास अनेक शहरांनी फळीवर बंदीच घातली आणि खेळ जवळजवळ संपला. १९७२ च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली आणि तो पुन्हा उभा राहिला. बदललं होतं ते चाकाचं द्रव्य. एवढा धडा हाती असताना आजही सुपरमार्केटमधला स्वस्त बोर्ड कडक प्लास्टिकच्या चाकांवर उभा असतो आणि वीस-तीस डॉलर वाचले म्हणून मुलं तो उचलतात, याचं वाईट वाटतं. त्याच वेळी बेअरिंगवर छापलेल्या पाच, सात, नऊ या आकड्यांवर मात्र जास्तीचे पैसे घालवले जातात. ते आकडे घडणीच्या अचूकतेचे, मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या यंत्रांसाठी ठरवलेले. पायाने रेटायच्या फळीवर त्यांचा फरक कळत नाही. आतलं बेअरिंग आठ मिलिमीटरच्या भोकाचं, बावीस मिलिमीटर व्यासाचं, ६०८ क्रमांकाचं असतं. आपल्याकडच्या बेअरिंगच्या दुकानांतही हा क्रमांक नेहमीचा आहे. ते स्वच्छ आणि कोरडं ठेवलं की पुरे.

ट्रकबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण ती महत्त्वाची आहे. साध्या बांधणीत जोरात वळलं तर मोठं चाक फळीच्या पोटाला टेकतं आणि जागच्या जागी जाम होतं. हाही एक न मागता लागलेला ब्रेक, आणि सगळ्यांत वाईट. ड्रॉप-थ्रू फळीला बहुधा चाकांच्या जागी कड कापलेली असते, त्यामुळे चाक टेकण्याचा प्रश्न जवळपास उरत नाही. कमी उंचीचा हा दुसरा फायदा कुणी फारसा सांगत नाही. ट्रकमधल्या रबरी बुशिंगांचा कडकपणा मात्र आपल्या वजनाप्रमाणे बदलून घ्यावा. पंचावन्न किलोच्या मुलीला आणि नव्वद किलोच्या मुलाला एकच बुशिंग चालत नाही. तिला ते वळू देत नाही, त्याला ते डुलवतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो आखूड क्रूझर बोर्ड वापरणाऱ्यांचा. ते म्हणतील, सत्तर सेंटिमीटरची, मागे शेपटी वर वळलेली फळी हाताला हलकी, लॉकरमध्ये मावते, शेपटीवर पाय दाबून कडेच्या दगडावर चढवता येते. चाळीस इंची धूड घेऊन व्याख्यानाच्या सभागृहात अरुंद रांगेतून कसं जायचं? या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच मी चाळीस इंच सुचवत नाही. तेहतीस ते छत्तीस इंचांच्या, म्हणजे साधारण पंच्याऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या ड्रॉप-थ्रू फळ्या मिळतात, वजनाला तीन-साडेतीन किलो भरतात आणि बाकाखाली मावतात. शेपटी नसेल तर कडेचा दगड आला की उतरावं लागेल, हे खरं. पण शेपटीचं ते कौशल्य यायला महिने लागतात, आणि ते येईपर्यंत आखूड फळीवर दोन पायांत अंतर कमी असल्याने पुढच्या पायावर तोल धरून ब्रेक लावणं अवघड जातं. ज्याला आधीपासून स्केटबोर्ड येतो त्याने खुशाल क्रूझर घ्यावा. नागपूर-कोल्हापूरहून गेलेला, आयुष्यात पहिल्यांदा फळीवर उभा राहणारा मुलगा त्या गटात सहसा नसतो. खालची फळी गतिरोधकाला घासते असंही म्हणतात. घासते, विशेषतः फार खोलगट आणि लवचीक असेल तर. रस्त्यात तीव्र गतिरोधक असतील तर खोलगट सोडून सपाट ड्रॉप-थ्रू घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थांबणंच महत्त्वाचं असेल तर विजेचा बोर्ड का नको, त्याला तर रिमोटवर ब्रेक असतो? आता वेगाचं गणित बघा. ताशी बारा किलोमीटरला माणूस सेकंदाला सव्वातीन मीटर जातो. ताशी चोवीस किलोमीटरला पावणेसात मीटर. समोर कानात इअरफोन घातलेला कुणी वळला, तर तो दिसून मेंदूने आज्ञा देईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. पायाने रेटायच्या फळीला सपाट जमिनीवर वेगाची नैसर्गिक मर्यादा आहे, मोटारीला ती नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून विजेच्या बोर्डांना रस्त्यावर मोकळीक दिली ती ताशी पंधरा मैलांची मर्यादा, सोळा वर्षांची अट आणि हेल्मेटची सक्ती घालून, आणि विद्यापीठांना आपापल्या आवारात वेगळे नियम करण्याची मुभा ठेवून. त्यात बॅटरीचा प्रश्न आहे. २०१५ च्या अखेरीस हॉव्हरबोर्ड पेटू लागले तेव्हा विद्यापीठांनी वसतिगृहांतून ते हद्दपार केले, आणि लिथियम बॅटरीच्या वाहनांवर आजही अनेक ठिकाणी तशी बंधनं आहेत. सात-आठ किलोचं ते यंत्र वर्गात उचलून न्यायचं म्हटलं तर लाँगबोर्डाचा मूळ फायदाच जातो.

सायकलवाल्यांशी मात्र माझं फार भांडण नाही. घर तीन-चार किलोमीटरवर असेल, रोजचा भाजीपाला आणायचा असेल, किंवा कॅलिफोर्नियातल्या डेव्हिससारखं सायकलींसाठी ओळखलं जाणारं गाव असेल तर सायकलच घ्यावी, तिला दोन ब्रेक आहेत. चढणीच्या आवारातही लाँगबोर्डाचा आग्रह धरू नये. चढ पायांना जड जातो एवढंच नाही, उताराला पायाचा ब्रेक पुरत नाही आणि नवशिक्याला ते उतार सुरू झाल्यावरच कळतं. ओल्या रस्त्यावर मऊ चाकं घसरतात, बर्फावर टाकलेलं मीठ बेअरिंग खातं. म्हणजे हिवाळ्याचे तीन-चार महिने उत्तरेकडच्या विद्यापीठांत बोर्ड कोपऱ्यात उभा राहणार हे धरूनच हिशेब करावा. सपाट जमीन, दोन किलोमीटरच्या आतलं अंतर आणि कोरडी हवा असेल तिथेच लाँगबोर्ड सायकलीला भारी पडतो. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या टेंपी इथल्या आवारात कामाच्या दिवशी दिवसा काही पट्टे फक्त चालणाऱ्यांसाठी राखलेले असतात. तिथे सायकल हातात धरून ढकलावी लागते, बोर्ड काखेत मारून चालता येतं.

त्या पट्ट्यांचा काही बोर्डवाल्यांना राग येतो. मला ते योग्य वाटतात. आवार आधी चालणाऱ्याचं आहे. त्याला मागून येणारी चाकं ऐकू येतीलच असं नाही, मऊ चाकं तर फारच कमी आवाज करतात, आणि त्याने आपल्यासाठी बाजूला व्हावं अशी अपेक्षा धरायचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून बोर्ड घेण्याआधी विद्यापीठाच्या वाहतूक विभागाचं पान उघडून फळी कुठे चालते, कुठे नाही, इमारतीत नेता येते का, हे वाचावं. गर्दीच्या दहा मिनिटांत उतरून चालायची तयारी ठेवावी. पण उलट बाजूने काही विद्यापीठं अपघाताच्या भीतीने सगळ्याच फळ्यांवर सरसकट बंदी घालतात, तेही पटत नाही. पायाने हळू चालणारी खालची फळी आणि ताशी तीस किलोमीटरने पळणारं यंत्र यांना एका वाक्यात बसवलं की विद्यार्थ्याला त्यातलं सुरक्षित काय ते निवडायचं कारणच उरत नाही.

पैशांचं म्हणाल तर शंभर-दीडशे डॉलरमध्ये टिकाऊ ड्रॉप-थ्रू बोर्ड मिळतो. आपल्या रुपयांत हा आकडा मोठा वाटतो आणि घरी सांगायला संकोच होतो, हे समजण्यासारखं आहे. पण तिथे मनगटाचं हाड मोडलं तर विमा असूनही आपल्या खिशातून जाणारी रक्कम याच्या कितीतरी पट असू शकते. स्वस्तात हवाच असेल तर मेच्या अखेरीस, पदवी घेऊन मुलं घरं रिकामी करतात तेव्हा जुना बघावा. फळी उलटी करून ट्रकच्या बोल्टांभोवती तडा गेला आहे का ते बोटाने चाचपावं, कडेला लाकडाचे थर सुटलेत का पाहावं, चाक एका बाजूला चपटं झालं असेल तर नव्या चाकांचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत. आणि हेल्मेट नवंच घ्यावं. पायाने रेटायच्या फळीवर कॅलिफोर्नियात अठरा वर्षांखालच्यांनाच ते सक्तीचं आहे, म्हणून वीस-बावीस वर्षांची मुलं ते घालत नाहीत. डोकं काही वयाप्रमाणे कठीण होत नाही.

बोर्ड विकत घ्यायच्या आधी दुकानात एक गोष्ट जरूर करून बघावी. फळी फरशीवर ठेवायची, पुढचा पाय तिच्यावर नीट रोवायचा, कशाचाही आधार न घेता त्या एका पायावर उभं राहायचं आणि मागचा तळवा हळूहळू फरशीला लावून पुन्हा वर घ्यायचा. असं वीस वेळा. पुढचा पाय डावा की उजवा, जो आपोआप पुढे जाईल तो. विसाव्या वेळी मांडी थरथरायला लागली किंवा तळव्याआधी चवडा टेकायला लागला तर ती फळी आपल्यासाठी उंच आहे. तिच्या शेजारची खालची मागावी. घरी आणल्यावर पहिला आठवडा रविवारच्या सकाळी रिकाम्या असलेल्या गाडीतळावर घालवावा आणि तिथे फक्त थांबायचं शिकावं: दहा पावलं जाऊन थांबायचं, मग वीस, मग खडूने रेघ मारून तिच्यावर. पायात सपाट रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट हवेत, सँडल किंवा फ्लोटर नकोत. मागच्या पायाच्या बुटाचा तळ दुसऱ्याच्या आधी झिजायला लागला की ब्रेक नीट लागतो आहे असं समजावं आणि त्यानंतरच सकाळच्या नऊच्या तासाला फळीवरून निघावं.